थांबवलेले : एक

सकाळचे सात वाजून नऊ मिनिटं झाली होती. मी नुकतीच न्हाऊन आले होते. केसांना पंचा गुंडाळलेला, हातात जास्वंदीची परडी. ओट्यावरचा फोन किणकिणला म्हणून वाकून बघितलं, तर पडद्यावर लाल आकडा. ‘थांबवलेले : १’. खाली नाव, रघुवीर भाटकर. त्याच्याखाली कारण, असभ्य शब्द.

“आलास का रे बाबा सकाळी सकाळी!” मी मोठ्यांदा म्हणाले. ऐकायला घरात कोणी नव्हतं. आमचे हे, गावाचे नाना, आदल्या रात्री महाशिवरात्रीच्या जागराला खाडीपलीकडे हेदुळ्याच्या देवळात गेले होते, गळ्यात टाळ अडकवून. पहिल्या होडीनं परत यायचे होते.

रघूनं काय लिहिलंय ते वाचायचं तर त्याच्या नावावर बोट दाबायला लागे. मी दाबलं नाही. तशी मी काही सोवळ्याओवळ्यातली नाही, पण आंघोळ झालेली, देव खोळंबलेले, आणि मी काय उभ्या उभ्या रघूच्या शिव्या वाचत बसू? पूजा होऊ दे, पोटात चहा जाऊ दे, मग बघू त्याच्याकडे. फोन पालथा घातला आणि देवघरात गेले.

नऊ वर्षं झाली त्याला. ते न दाबलेलं बोट अजून दुखतं मला.

मी शालिनी मुळ्ये. कातळखोलच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे गावातल्या निम्म्या लोकांची मी बाई आणि उरलेल्यांच्या मुलांची बाई. आणि फोनवर किणकिणलं ते पडवी, आमच्या गावाचं मोबाइलवरचं ॲप. खोतांच्या श्रीरंगनं पुण्यात बसून केलेलं. तेव्हा व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात शंभराच्या वर माणसं मावत नसत आणि आमची मुंबई, पुणे, दुबई धरून सहाशेच्या वर. नाव मात्र झकास ठेवलं पोरानं. पडवीत कसं, कोणीही यावं, टेकावं, दोन शब्द बोलावेत. बोलले हो, पण काय ते शब्द! शाळेच्या मैदानात गणपतीचा मांडव घालायचा की नाही यावरून वाद पेटला आणि चार दिवसांत गावातल्या एकाही आईची, बहिणीची अब्रू शिल्लक राहिली नाही. बायका पटापट पडवी सोडून गेल्या. तेव्हा श्रीरंग माझ्याकडे आला.

“बाई, शब्दांना गाळणी लावू या. तुम्ही वाईट शब्दांची यादी द्या. त्यातला एकही कुठे दिसला, दुसऱ्या शब्दाच्या पोटात दडलेला असला तरी, मजकूर आपोआप अडकेल. मग तुम्ही तो वाचायचा. बरा असला तर सोडायचा, नाहीतर पुसायचा.”

“यादी मी देऊ?”

“म्हणजे... मराठी तुमची चांगली आहे ना, बाई.”

दार लावून बसले आणि लिहिली. फुलस्केपवर अडतीस शब्द झाले. श्रीरंगनं कागद वाचला, कान लाल झाले त्याचे. म्हणाला, “बाई, ह्यातले सहा मला माहीतच नव्हते.” म्हटलं, बाबा रे, एकतीस वर्षं वर्गात काढलीत. मागच्या बाकावरचं सगळं ऐकू येतं मला.

गाळणी अशी कडक निघाली की पहिल्याच आठवड्यात मुकुंदाची गांडूळखताची जाहिरात अडकली. पाठोपाठ क्रिकेटवाली पोरं बोंबलत आली. “बाई, आम्ही नुसतं इंग्लंड लिहिलं तरी थांबतंय!” थांबणारच. इंग्लंडमधला ‘इंग्’ काढा आणि उरतं काय ते मनातल्या मनात वाचा. मी इथे लिहिणार नाही. मग मी ॲटलास उघडून बसले. न्यूझीलंड, पोलंड, थायलंड, आयर्लंड, लंडन, जगाच्या पाठीवर जेवढे सापडले तेवढे ‘सोडायचे शब्द’ म्हणून श्रीरंगला लिहून दिले. ॲटलास मिटताना स्वतःची पाठ थोपटावीशी वाटली होती मला.

त्यानंतर आणखी एक अक्कल माझीच. अडकलेला मजकूर लिहिणाऱ्याला मात्र पडवीवर लागलेला दिसायचा. कारण अडकलाय हे कळलं की ही मंडळी मधे फुली घालून तीच शिवी पुन्हा पाठवतात. म्हटलं, कळूच नये त्यांना. सहाशे लोकांनी वाचलं या समाधानात झोपू देत. श्रीरंग जरा कुरकुरला होता, “बाई, हे बरोबर नाही वाटत.” पण बाईंपुढे बोलतो कोण!

आणि अडकणाऱ्यांत पहिला नंबर रघूचा. सातवीपर्यंत माझ्याच हाताखाली होता. पुढे बापाची होडी चालवायला लागला, कातळखोल ते हेदुळे, हेदुळे ते कातळखोल. मनानं सोनं, पण तोंड उघडलं की गटार. उन्हाला शिवी, वाऱ्याला शिवी, स्वतःच्या होडीला तर लाडाची वेगळी. पडवीवर होडीची वेळ कळवायची तरी त्यात एक हासडल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं व्हायचं नाही. सुरुवातीला मी त्याचे मजकूर वाचायचे, समजवायचे. पुढे पुढे कंटाळले. त्याचं नाव दिसलं की न वाचताच पुसायचे.

तर पूजा झाली. चहा झाला. दुसरा कप ह्यांच्यासाठी झाकून ठेवला होता तो गार झाला. पावणेआठ.

पहिली होडी हेदुळ्याहून पावणेसातला सुटते. खाडी पार करायला वीस मिनिटं, धक्क्यापासून आमचं घर पाच मिनिटं. फार तर सव्वासातला माणूस दारात हवा. मी अंगणात आले तर धुकं असं की कुंपणाजवळचा माडसुद्धा दिसेना. माघातलं धुकं आमच्याकडे असंच बसतं, खाडीवर तर गोधडी घातल्यासारखं. ह्यांना फोन करावा म्हणून लावला, तर घंटी आतल्या खोलीत वाजली. फोन चार्जिंगला आणि माणूस खाडीपलीकडे! रघूला लावला. ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर.’ आमच्या खाडीत फोनवर बोलणं होत नाही, ते नेहमीचंच. लिहिलेलं तेवढं कसंबसं निसटतं.

मग पडवीवर लिहिलं. “पहिली होडी सुटली का? नाना आले नाहीत अजून.”

लगेच हेदुळ्याच्या गुरवाच्या सुनेनं उत्तर दिलं. “सुटली हो बाई पावणेसातला. नाना होते त्यात. नऊ जणं होती.”

त्याखाली चेष्टा सुरू. एकानं लिहिलं, “नाना जागरातच झोपले असतील.” दुसऱ्यानं, “रघ्यानं होडी गोव्याला नेली वाटतं.” तिसरा न्यूझीलंडात चाललेल्या मॅचचा स्कोअर टाकत होता. न्यूझीलंड आता छान सुटत होतं, अडकत नव्हतं.

सुटली पावणेसातला आणि आता सव्वाआठ. दीड तास खाडीत करताहेत काय?

पदर खोचला आणि धक्क्यावर गेले. तिथे हमीदभाई मुकादम आपल्या लाँचच्या टपावर बसून जाळ्याचं सूत सोडवत होते. धक्क्यावर मोठी लाँच त्यांची एकट्याचीच.

“हमीदभाई, रघूची होडी पाहिलीत?”

“नाय बा. बाई, तुम्ही एवढ्या सकाळी?”

“पावणेसातला सुटलेय तिकडून. आमचे नाना आहेत तिच्यात.”

हमीदभाईंच्या हातातलं सूत थांबलं. त्यांनी खाडीकडे बघितलं, म्हणजे धुक्याकडेच. “पावणेसात? बाई, मी सात-सव्वासातपासनं हितं हाय. इंजिनाचा आवाज काय माझ्या कानावर आला नाय.”

“मग गेली कुठे?”

“परत फिरला असंल. धुकं बघून.”

“परत फिरला असता तर गुरवाच्या सुनेला दिसला असता.”

हमीदभाई धक्क्याच्या पायऱ्यांकडे बघत राहिले. त्या दिवशी अमावास्या, उधाणाची भरती. सकाळी सहाला खाडी पार तळाला गेलेली असते आणि बाराला धक्क्याच्या काठाला लागते. मी आले तेव्हा खालच्या तीन पायऱ्या पाण्यात होत्या. आम्ही बोलत होतो तेवढ्यात चौथीवरचं शेवाळ भिजायला लागलं.

“चला ना, लाँच काढा,” मी म्हणाले.

“काढतो हो. पण जायाचं कुठं? मैलभर रुंद खाडी. ह्या धुक्यात मी दहा हातांवरचं बघू शकत नाय. चुकून त्यांच्याच अंगावर घातली म्हंजे? काय तरी दिशा नको? वर गेले का खाली गेले?”

बरोबर होतं त्यांचं. मी पायरीवर बसले. काय करावं सुचेना, म्हणून पुन्हा पडवी उघडली, कोणी काही लिहिलंय का बघायला. कोणी लिहिलं नव्हतं. स्कोअर पुढे गेला होता. आणि कोपऱ्यात तो लाल आकडा तसाच होता. थांबवलेले : १. रघुवीर भाटकर. वेळ ७:०९.

सात वाजून नऊ मिनिटं.

सात वाजून नऊ मिनिटांनी रघू खाडीत होता. नऊ माणसं घेऊन, धुक्यात. त्या वेळी त्याला पडवीवर शिव्या लिहायला सवड कुठली?

बोट दाबलं. दोनदा चुकलं. मग उघडलं.

“सर्वांस विनंती. होडी दांड्यावर कलंडली आहे. फळी फुटली आहे, इंजिनात पाणी गेले आहे. नऊ माणसे आहेत, त्यात दोन लहान मुले. भरती लागली आहे. कृपया लाँच लवकर पाठवावी. रघुवीर भाटकर.”

आणि लाज वाटते सांगायला, पण मी त्यात आधी शिवी शोधली. माणसं बुडताहेत आणि ही बाई शिवी शोधतेय! एक नव्हती. ‘कृपया’ होतं, ‘विनंती’ होती, अर्जात लिहावं तसं सगळं स्वच्छ. मग दिसलं. गाळणी ज्या अक्षरांवर अडे ती लाल व्हायची, आणि ‘कलंडली’च्या पोटातली दोन अक्षरं लाल झाली होती. पुढचा क आणि मागचा ली काळा.

कलंडली. ॲटलासमध्ये कुठून सापडणार होता तो शब्द! शब्दकोश काढायला हवा होता मी. मराठीची बाई म्हणवते आणि काढला काय, तर जगाचा नकाशा!

“हमीदभाई! दांड्यावर! दांड्यावर आहेत ते!”

दांडा म्हणजे खाडीच्या मधोमध ओहोटीला वर येणारा वाळूचा पट्टा. सकाळी सात वाजता त्याच्यावर माणसं उभी राहू शकतात. दोन्ही बाजूंना पाणी, आमच्या अंगाचं तर कायमच खोल. नऊ वाजता तिथे पट्टा होता हे सांगूनही खरं वाटत नाही. तेव्हा आठ चाळीस झाले होते.

हमीदभाईंनी कसं कळलं विचारलं नाही. दोर सोडला, इंजिनाला हात घातला. मीही चढले. “बाई, तुम्ही कुठं?” म्हणाले. म्हटलं, गप चालवा.

त्या धुक्यात लाँच कशी नेली ते त्यांनाच ठाऊक. दोन-तीन मिनिटं चालवायचे, मग इंजिन बंद करून कान द्यायचे. पाणी लाँचला लागून चुळचुळत होतं आणि वर सरकत होतं, समुद्राकडून आत, जोरात. तेवढाच आवाज. बाकी काही नाही.

“अहोऽ!” मी ओरडले. ओरडल्यावर माझं मलाच कळलं, ‘अहो’ला खाडीत कोण ओ देणार? मग बोंबलले, “रघूऽऽ! रघूऽऽ!”

काही नाही.

“अजून वर जायला हवं,” हमीदभाई पुटपुटले. “का पुढं आलो आपण? धा मिन्टांपूर्वी लागायला हवा होता दांडा.” त्यांचा आवाज बदललेला होता. अल्लाचं नाव घेत होते.

पुन्हा इंजिन, पुन्हा बंद. आणि मग आलं. लांबून, फाटक्या आवाजात. आधी शब्द लागेनात, नुसती किंकाळीसारखी ओढ. मग शब्द लागले. सगळ्या कातळखोलच्या आयाबहिणींचा उद्धार चालला होता. सरपंचाचा, तलाठ्याचा, खोतांच्या सात पिढ्यांचा. कोणाला सोडलं नव्हतं. माझ्या यादीतला एकोणिसावा शब्द मी ओळखला, पाठोपाठ सातवा, मग तिसावा.

“या अल्ला! बाई, कानावर हात ठेवा,” हमीदभाई म्हणाले.

“कसले हात! कुठून येतोय आवाज?”

“डाव्या अंगानं.”

“घाल, रघू!” मी जीव खाऊन ओरडले. “घाल शिव्या! थांबू नकोस!”

तो थांबला नाही. आवाजाच्या रोखानं हमीदभाईंनी लाँच वळवली, हळूहळू, बांबूनं तळ चाचपत. शिव्या जवळ येत गेल्या, मोठ्या होत गेल्या. एका बाईला शिव्या ऐकून इतका आनंद झाल्याचं जगात दुसरं उदाहरण नसेल. मग धुक्यात काळं काहीतरी दिसलं, होडीची वर उचललेली कड, आणि तिला धरून डोकी.

पाणी मोठ्या माणसांच्या छातीला लागलं होतं. सुगंधा शिगवणीच्या गळ्याला, ती बुटकी. तिचा धाकटा रघूच्या खांद्यावर, थोरला ह्यांच्या. ह्यांचा चश्मा गेला होता, टाळ तेवढे गळ्यात होते. प्रत्येक लाटेला सगळी माणसं होडीची कड घट्ट धरत आणि होडी कुरकुरत सरकत होती. फार तर अजून अर्धा तास टिकली असती, हमीदभाई नंतर मला म्हणाले, अर्धा तास नाय, पंधरा मिनिटं.

आधी मुलं घेतली. मग सुगंधा, मग म्हाताऱ्या. ह्यांना वर ओढताना माझ्या हातातली बांगडी फुटली आणि ह्यांनी थरथरत विचारलं, “चहा ठेवला होतास ना?” मी ह्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि रडायला लागले. सगळ्यांत शेवटी रघू चढला. ओठ निळे, आवाज बसलेला.

हमीदभाईंनी इंजिन लगेच चालू केलं नाही. माणसं नीट बसेपर्यंत थांबले, लाँचमधली दोन गोणपाटं होती ती मुलांच्या अंगावर घातली. तेवढ्यात सुगंधाला वाचा फुटली.

“ह्या रघ्यानं मारलं असतं आम्हाला!” ती कडाडली. “सात वाजता हेदुळ्याच्या अंगाला कमरेएवढं पाणी होतं. म्हटलं, पोरांना घेऊन चालत जाते. तर हात धरून अडवलान मला! म्हणे, थांब, खड्डे आहेत, मी पडवीवर टाकलंय, सहाशे माणसांनी वाचलंय, आता येतील. कुठे आले? पाणी चढत गेलं, मग जायची वाटच राहिली नाय. पोरं गेली असती माझी!”

रघू खाली मान घालून बसला होता. जो माणूस होडीच्या दोराला शिवी देतो, तो एक अक्षर बोलेना. पाणी निथळत होतं अंगावरून.

“रघू,” हमीदभाई म्हणाले, “पडवीवर कधी टाकलंस? मी सव्वासातपासनं धक्क्यावर हाय, आलो तेव्हाच पडवी बघितली. काय नव्हतं.”

“टाकला व्हता,” रघू बसक्या आवाजात म्हणाला. “माझ्या डोळ्यांनी लागलेला पाहिला. मग फोन पाण्यात गेला.”

“मग नेटवर्कनं खाल्ला असंल. खाडीतलं नेटवर्क काय, बेभरवशाचं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. सुगंधासुद्धा जरा नरमली. “तरी म्हंजे ह्याचंच चुकलं, नुसत्या फोनवर विसंबून...” असं काहीतरी पुटपुटली.

खोटं सांगत नाही, क्षणभर मलाही ते नेटवर्क फार आवडलं. सगळ्यांचं काम होत होतं त्यात. माझं सर्वांत जास्त. माझ्या फोनवर दोन बोटांचं काम होतं, उघडायचा आणि पुसायचा, नेहमीसारखा. पण ह्यांनी चश्म्याशिवाय, डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “मग तुला कसं कळलं गं, आम्ही दांड्यावर आहोत ते?”

लाँचमध्ये सगळे माझ्याकडे वळले.

“आला होता,” मी म्हणाले. “नेटवर्कनं नाही खाल्ला. सात वाजून नऊ मिनिटांनी आला तो. माझ्यापाशी अडकला. शब्दांच्या गाळणीत. मी उघडला नाही. दीड तास उघडला नाही.”

“का?” सुगंधा म्हणाली.

“रघूचं नाव बघून.” मला तिच्याकडे बघवेना. “मला वाटलं, नेहमीसारख्या शिव्या असतील. सुगंधा, ह्याचं काही चुकलं नाही. ह्यानं सांगितलं तसं सहाशे माणसांनी वाचलं असतं तर साडेसातला हमीदभाई इथे असते. चुकलं ते माझं. काय बोलायचंय ते मला बोल.”

ती धाकट्याला पोटाशी धरून माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं मी अजून विसरलेले नाही, आणि तिनं विसरावं असंही मला वाटत नाही.

रघूनं मात्र मान वर केली. मी वाट बघत होते. आता सुटेल तोंडाचा पट्टा, म्हटलं, आणि सुटू दे, अडतीसच्या अडतीस माझ्या तोंडावर फेकू दे. मला ते हवेच होते.

“पण बाई,” तो म्हणाला, “त्यात शिवी नव्हती.”

“नव्हती रे.”

“पयल्यांदा घातली व्हती. आपसूक आली. मग म्हटलं, नको, बाई अडवतील. नऊ माणसं हायत. सगळं पुसलं आणि परत लिहिलं, अर्ज लिहितात तसं. हात गारठले व्हते तरी एकेक शब्द बघून लिहिला.”

“वाचला मी.”

“मग अडकला कशात?”

मी सांगितलं. होडी कलंडली, त्यात अडकला. त्या शब्दाच्या पोटात काय आहे तेही सांगितलं, बायकांपुढे, म्हाताऱ्यांपुढे, तोंडानं उच्चारून. आयुष्यात पहिल्यांदा. हमीदभाईंनी मान वळवली.

रघूनं तो शब्द ओठातल्या ओठात म्हणून बघितला. मग हळूच म्हणाला, “आधी लवंडली लिहिलं व्हतं मी. आम्ही लवंडलीच म्हणतो. ते अडकलं नसतं?”

“नसतं.”

“ते पुसलं मी. तुमचं आठवलं, सातवीतलं. पट्टी मारली व्हती तुम्ही मला त्याच्यावरनं.” त्यानं तळहात उघडून बघितला, पाण्यानं पांढरा पडलेला. “लवंडतो तो तांब्या, होडी कलंडते. बरोबर ना, बाई?”

तो वाट बघत होता, वर्गात बघायचा तसा.

“बरोबर, रघू,” मी म्हणाले.

हमीदभाईंनी इंजिन चालू केलं.